पातळ शी म्हणजे लगेच जंताची गोळी नव्हे

कुत्र्याची शी पातळ झाली की आपल्याकडे घरातलं कुणीतरी मेडिकलमध्ये जातं, 'कुत्र्यासाठी जंताची गोळी द्या' म्हणतं आणि ती पोळीच्या तुकड्यात दडवून खायला घालतं. तीन-चार दिवसांत पोट बरं वाटतं. महिनाभराने पुन्हा तेच, पुन्हा गोळी. दुसऱ्या एखाद्या घरात नेमकं उलटं चाललेलं असतं. तिथे जंतांचा विचार कुणाच्या मनातही येत नाही आणि दर आठवड्याला जेवण तेवढं बदलतं. दूध-भाकरी बंद, मग भात, मग महागडं पाकीट, मग दुसऱ्या कंपनीचं पाकीट. दोन्ही घरची माणसं कुत्र्यावर जीव लावणारी, खर्चाला मागे न हटणारी. तरी कुत्रं वाळतच जातं.

जंत आणि नाजूक पचन या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, पण बाहेरून सारख्याच दिसतात: पातळ शी, पोटात गुडगुड, घटणारं वजन, अधूनमधून उलटी. शिवाय त्या एकमेकींच्या पाठोपाठ येतात. जंतांनी आतड्याचं अस्तर जखमी केलं, की जंत गेल्यावरही ते भरून यायला वेळ लागतो. तोवर कालपर्यंत पचणारं अन्नही पचत नाही. म्हणून सगळा भर क्रमावर आहे. आधी शी तपासायची, जे सापडेल त्याचंच औषध द्यायचं, त्याच दिवसांत अंगण साफ करायचं, आणि मग आतड्याला सावरायला वेळ द्यायचा. क्रम उलटा केला की पैसे जातात आणि कुत्र्याचे हाल संपत नाहीत.

पोटात नेमकं कोण राहतं

सगळ्यांत ओळखीचे ते गोल जंत, शास्त्रीय नाव टॉक्सोकारा कॅनिस. पांढरट, १० ते १८ सेंटिमीटर लांब. पिलाच्या उलटीत एखादा वळवळताना दिसला की घर हादरतं. हे जंत पिलाला बहुतेक वेळा जन्माआधीच मिळतात. कुत्रीच्या स्नायूंत या जंताच्या अळ्या झोपून राहिलेल्या असतात. ती गाभण राहिली की त्या जाग्या होतात आणि वारेतून पोटातल्या पिलांकडे सरकतात. काही पुढे दुधातून जातात. म्हणजे पिलू कितीही स्वच्छ घरात जन्मलेलं असो, त्याच्या पोटात जंत असणार असंच धरून चालावं. फुगलेलं पोट, हाडं दिसणारी पाठ आणि राठ केस, ही त्या पिलाची ओळख.

दुसरा हुकवर्म, म्हणजे अंकुशकृमी. हा जेमतेम एक-दोन सेंटिमीटरचा, शीत सहसा दिसतही नाही, पण जिवावर उठतो तो हाच. आतड्याच्या अस्तराला दातांनी घट्ट धरून तो रक्त पितो. कुत्र्यातला एक हुकवर्म दिवसाला साधारण ०.१ मिलीलिटर रक्त घालवतो. ऐकायला किरकोळ वाटतं. पण एक किलो वजनाच्या पिलाच्या अंगात सगळं मिळून रक्त असतं ८० ते ९० मिलीलिटर. शंभर जंत असतील तर रोजचे १० मिलीलिटर गेले. अशी पिलं दोन-चार दिवसांत हिरड्या पांढऱ्या पडून कोलमडतात, आणि 'काल तर खेळत होतं' असं म्हणत घरचे दवाखान्यात पोहोचतात. हुकवर्म असला की शी काळी आणि चिकट होते, कारण ते आतड्यात वरच्या बाजूला सांडलेलं आणि पचलेलं रक्त असतं. या जंताच्या अळ्या ओल्या मातीतून थेट कातडीत शिरतात. पंजांच्या फटींतून, पोटाच्या नरम कातडीतून. तोंडातून जायलाच हवं असं नाही, आणि आईच्या दुधातूनही त्या येतातच.

तिसरे चपटे जंत. यातला रोज भेटणारा डिपायलिडियम. शेपटीखाली किंवा अंथरुणावर तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसतात, ओले असताना हलतात, वाळले की पिवळट होतात. हा जंत शीतून थेट पसरत नाही, पिसवांतून पसरतो. कुत्रं अंग चावताना पिसू गिळतं, पिसवेच्या पोटातली अळी कुत्र्याच्या आतड्यात वाढते आणि दोन-तीन आठवड्यांत नवा जंत तयार. त्यामुळे गोळी दिली पण पिसवा तशाच राहिल्या, तर महिन्याच्या आत तांदळाचे दाणे पुन्हा दिसणार. गोळीला दोष देण्यात अर्थ नाही.

चपट्या जंतांतला दुसरा मात्र फार गंभीर आहे आणि आपल्या सोलापूर जिल्ह्याला त्याची आठवण करून द्यायलाच हवी. एकायनोकॉकस. सांगोला-मंगळवेढ्याकडे मेंढरांचे कळप आहेत, शहरात मटणाची दुकानं आहेत, आणि दुकानामागे टाकलेल्या काळजा-फुप्फुसांवर कुत्री तुटून पडतात. शेळ्या-मेंढ्यांच्या या अवयवांत पाण्याने भरलेल्या गाठी असू शकतात. त्या कच्च्या खाल्ल्या की कुत्र्याच्या आतड्यात काही मिलिमीटरचे हजारो जंत वाढतात. कुत्र्याला काहीच होत नाही, शी उत्तम, भूक उत्तम. पण त्याच्या शीतली अंडी माणसाच्या पोटात गेली तर माणसाच्या यकृतात किंवा फुप्फुसात तशाच गाठी होतात, वर्षानुवर्षं हळूहळू वाढतात आणि कित्येकदा ऑपरेशनच करावं लागतं. म्हणून माझी हात जोडून विनंती आहे: कुत्र्याला कच्ची वजडी, कच्चं काळीज, कच्ची फोप्सं घालू नका. द्यायचंच असेल तर पूर्ण शिजवून. आणि खाटकाच्या दुकानाजवळ मोकळं फिरणारं कुत्रं असेल तर डॉक्टरांना हे मुद्दाम सांगा. ते प्राझिक्वांटेल हे औषध नेहमीपेक्षा लवकर लवकर द्यायला सांगतील.

चाबूककृमी मोठ्या आतड्यात राहतो. त्यामुळे वरचेवर थोडी थोडी, शेंबडी, कधी ताजं लाल रक्त लागलेली शी होते. कुत्र्यात शिरल्यापासून अंडी शीत दिसायला त्याला जवळपास तीन महिने लागतात, म्हणून तो तपासणीत सहज निसटतो आणि औषधही पुन्हा पुन्हा द्यावं लागतं.

राहिले जिआर्डिया आणि कॉक्सिडिया. हे जंत नव्हेत, सूक्ष्मदर्शकाखालीच दिसणारे एकपेशीय जीव आहेत. आणि इथेच दर महिन्याला गोळी देणारं घर फसतं, कारण जंताच्या नेहमीच्या गोळीच्या एका डोसने यांना काही होत नाही. जिआर्डियात शी मऊ, फिकट, तेलकट आणि भयंकर वासाची होते. दोन दिवस बरी, पुन्हा बिघडलेली. कॉक्सिडिया प्रामुख्याने लहान पिलांना छळतो आणि त्याला सल्फा गटातलं किंवा टोल्ट्राझुरिलसारखं वेगळंच औषध लागतं.

गोळी काय करते आणि काय करत नाही

जंताची गोळी ही लस नाही. लस पुढचं वर्षभर राखण करते. गोळी त्या दिवशी आतड्यात जे जंत आहेत त्यांना मारते किंवा लुळं करून बाहेर घालवते, आणि एक-दोन दिवसांत स्वतः शरीराबाहेर जाते. गोळी दिल्यावर तिसऱ्या दिवशी कुत्र्याने घाणीत तोंड घातलं तर नवे जंत आत यायला कुणीही अडवत नाही.

दुसरं म्हणजे गोळी आतड्यात काम करते, पण अळ्या आतड्यातच असतात असं नाही. गोल जंताच्या अळ्या यकृतातून, फुप्फुसातून फिरून, खोकल्याबरोबर घशात येऊन, गिळल्या जाऊन मग आतड्यात उतरतात. आज गोळी दिली तेव्हा वाटेत असलेल्या अळ्या वाचल्या, दोन-तीन आठवड्यांनी त्या आतड्यात पोहोचून मोठ्या झाल्या. पिलांना दुसऱ्या आठवड्यापासून आठव्या आठवड्यापर्यंत दर १५ दिवसांनी, मग सहा महिन्यांचं होईपर्यंत दर महिन्याला औषध सांगतात ते यासाठी. पिलांबरोबर त्यांच्या आईलाही द्यायचं, हे बरेच जण विसरतात. मोठ्या कुत्र्याला साधारण दर तीन महिन्यांनी. गाभण कुत्रीसाठी फेनबेंडाझोलचा वेगळा दीर्घ कोर्स असतो, गाभणपणाच्या चाळिसाव्या दिवसापासून पिलं झाल्यावर चौदाव्या दिवसापर्यंत. तो डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

दुकानात सहज मिळणाऱ्या गोळीत बहुधा तीन औषधं असतात. पायरँटेल गोल जंत आणि हुकवर्मसाठी, फेबँटेल त्यांच्याबरोबर चाबूककृमीसाठी, प्राझिक्वांटेल चपट्या जंतांसाठी. मात्रा वजनावर ठरते, बहुतेक पाकिटांवर १० किलोला एक गोळी असं असतं. इथे अंदाज चालत नाही. कुत्र्याला उचलून वजनकाट्यावर उभं राहा, मग एकटे उभे राहा, वजाबाकी करा. २४ किलोच्या लॅब्रॅडॉरला 'असेल पंधराएक' म्हणून दीड गोळी दिली तर बरेच जंत मागे राहू शकतात. काही जुन्या पातळ औषधांत फक्त पिपराझिन असतं. ते गोल जंतांपलीकडे काही करत नाही, त्यामुळे बाटलीवरचं नाव वाचलं पाहिजे.

दोन औषधांबद्दल स्पष्टच सांगतो. घरात मुलांसाठी असलेली अल्बेंडाझोलची गोळी कुत्र्याला देऊ नका; कुत्र्यांमध्ये तिचे अस्थिमज्जेवर घातक परिणाम झाल्याच्या नोंदी आहेत. आणि शेतावर गाई-म्हशींसाठी आणलेलं आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन कुत्र्याला अंदाजाने टोचू नका. मोठ्या जनावराच्या ताकदीचं औषध लहान कुत्र्याला थेंबांच्या फरकाने जास्त होतं, आणि कोली व तत्सम जातींच्या अनेक कुत्र्यांत ते मेंदूपर्यंत जाऊन जीव घेतं. लसणाच्या पाकळ्या, पपईच्या बिया, कडुलिंबाचा रस यांनी जंत पडतात असं वडीलधारे प्रेमाने सांगतात. त्यातला लसूण तर कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतो. हुकवर्ममुळे आधीच रक्त कमी झालेल्या पिलाला लसूण घालणं म्हणजे उरलेलंही घालवणं.

शीची तपासणी

ही तपासणी स्वस्त आहे, सोपी आहे, आणि फारच कमी घरांत केली जाते. मेडिकलमध्ये लघवीच्या नमुन्यासाठी मिळते ती झाकणाची डबी घ्या. सकाळची ताजी शी, चमचाभर पुरे. मातीला लागलेला भाग घेऊ नका, कारण मातीत स्वतंत्र जगणाऱ्या अळ्याही असतात आणि रिपोर्ट गोंधळतो. दोन-तीन तासांत दवाखान्यात किंवा लॅबमध्ये द्या. उशीर होणार असेल तर डबी पिशवीत गुंडाळून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, फ्रीझरमध्ये नको. मे महिन्यात गाडीच्या डिकीत दुपारभर राहिलेला नमुना फुकट गेला असं समजा.

रिपोर्टमध्ये काही सापडलं नाही म्हणजे पोट स्वच्छ, असं मात्र नाही. जंत अंडी घालायच्या वयाचा झालेला नसेल तर अंडी दिसणार कुठून? जिआर्डिया तर एक दिवस शीत असतो, दुसऱ्या दिवशी नसतो. म्हणून जिआर्डियाची शंका असेल तर एकाआड एक दिवस असे तीन नमुने देतात किंवा त्याची वेगळी किट-टेस्ट करतात. हुकवर्मचा उपचार झाल्यावर दोनेक आठवड्यांनी शी पुन्हा तपासून घेणं फार मोलाचं. अंडी तशीच दिसली तर स्नायूंतल्या झोपलेल्या अळ्या पुन्हा आतड्यात आल्या असतील किंवा औषध लागू पडत नसेल. अमेरिकेत ग्रेहाउंड कुत्र्यांत अनेक औषधांना दाद न देणारे हुकवर्म आढळले आहेत, तेव्हा हे नुसतं पुस्तकी राहिलेलं नाही.

जिआर्डियाच्या बाबतीत एक दिलासा देणारी गोष्ट आहे. औषध संपल्यावर कुत्र्याची शी घट्ट झाली, वजन वाढू लागलं, तरी किट-टेस्ट काही आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकते. कागदावरच्या त्या एका शब्दासाठी औषधांचा भडिमार करायचा नसतो. कुत्रं बरं असेल तर डॉक्टर बहुधा थांबायलाच सांगतील.

आपलं ऊन, आपलं पाणी, आपली माती

औषधाबरोबरच घराच्या आसपासचं बघावं लागतं, नाहीतर आतलं मारायचं आणि बाहेरून पुन्हा आत येऊ द्यायचं असं चालत राहतं.

सोलापूरचा उन्हाळा या एका बाबतीत आपल्या बाजूने आहे. ४० अंशांच्या वर तापलेल्या उघड्या जमिनीवर हुकवर्मच्या अळ्या आणि जिआर्डियाचे कोष वाळून मरतात. पण अंगणात सगळीकडे ऊन नसतं. नळाखालची ओल, धुण्याच्या दगडाचा आडोसा, कूलरखाली साचणारं पाणी, तुळशीकट्ट्याची सावली, कुत्रं दुपारी नेमकं तिथेच जाऊन लोळतं आणि अळ्याही तिथेच टिकतात. जूनपासून चित्र पालटतं. काळी माती एकदा भिजली की लवकर वाळत नाही, आणि आपल्याकडे सप्टेंबरचा पाऊस चांगलाच असतो. त्यामुळे पावसाळाभर आणि ऑक्टोबरात हुकवर्मची भीती सर्वांत जास्त.

शी रोजच्या रोज उचलणं हा सगळ्यांत मोठा उपाय आहे, आणि त्यामागे साधा हिशोब आहे. गोल जंताचं अंडं पडल्या पडल्या रोग देत नाही. आतली अळी तयार व्हायला दोन ते चार आठवडे लागतात. हुकवर्मला उबदार ओल्या मातीत आठवडाभर लागतो. रोज उचलली तर दोघांची साखळी तिथेच तुटते. जिआर्डियाचा कोष मात्र पडल्या क्षणापासून तयार असतो, म्हणून त्यात लगेच उचला. होम मैदानाकडे, तळ्याकाठी किंवा जुळे सोलापूरच्या मोकळ्या प्लॉटवर फिरायला नेता तेव्हा खिशात दोन जुन्या पिशव्या असू द्या. आपल्या कुत्र्याची शी आपण उचलली तर गल्लीतल्या पोरांवर उपकार होतात.

फिनेलने गोल जंताची अंडी मरत नाहीत. त्यांचं कवच इतकं चिवट असतं की मातीत ती महिनोन्महिने, कधी वर्षांनी टिकतात. शहाबादी फरशी असेल तर आधी खरडून धुवा, मग सांध्यांत उकळतं पाणी ओता आणि कडक उन्हात पूर्ण वाळू द्या. अंथरूण, गोणपाट, जुनी चादर गरम पाण्यात धुऊन उन्हात. जिआर्डियाच्या औषधाचा शेवटचा डोस देण्याच्या दिवशी कुत्र्याला शाम्पूने आंघोळ घाला, मागचा भाग नीट धुवा. केसांना चिकटलेले कोष ते चाटून पुन्हा गिळतं आणि सगळा उपचार वाया जातो.

पाण्याचं तर आपण सगळेच जाणतो. नळ काही दिवसांआड येतो, म्हणून हौद, पिंप, टाकी भरून ठेवायची. घरच्यांसाठी फिल्टर, आणि कुत्र्यासाठी उघड्या पिंपातलं तळाचं पाणी, ही वाटणी जिआर्डियाला मोकळं रान देते. गार साठलेल्या पाण्यात त्याचे कोष आठवडे-महिने जगतात आणि पाण्यात नेहमी घालतात तेवढ्या क्लोरीनने ते मरतीलच असा भरवसा धरता येत नाही. पोट बिघडलेलं असताना कुत्र्याला उकळून गार केलेलं पाणी द्या. वाडगं रोज घासून उन्हात पालथं घाला.

जंत गेले, पोट मात्र नाजूकच

हा टप्पा सगळ्यांत कंटाळवाणा, आणि इथेच धीर सुटतो. तपासणी स्वच्छ आली, तरी शी घट्ट होत नाही. घरात 'औषध लागलंच नाही' अशी चर्चा सुरू होते. खरं म्हणजे लहान आतड्याच्या आतून जी बारीक लवांची झालर असते, तिच्यावर पचन अवलंबून असतं. जंतांनी आणि जुलाबांनी ती झिजलेली असते. ती पुन्हा उगवेपर्यंत पोटावर भार टाकायचा नाही.

जुन्या सल्ल्यात दिवसभर उपाशी ठेवायला सांगत. आता तसं करत नाहीत. आतड्याच्या पेशींना अन्न आतूनच मिळतं, आणि पिलांना तर उपाशी ठेवणं धोक्याचं, साखर उतरते. तीन-चार दिवस हलकं जेवण, दिवसातून चार-पाच वेळा, थोडं थोडं. बिनहाडाचं, बिनकातडीचं उकडलेलं चिकन एक वाटी आणि मऊ शिजवलेला भात दोन वाट्या, या प्रमाणात. तेल, तिखट, मीठ, फोडणी काही नाही. ज्यांच्या घरी मांसाहार शिजत नाही त्यांनी मुगाच्या डाळीचं पातळ खिमट आणि त्यात घरी केलेलं, साय काढलेल्या दुधाचं थोडं पनीर घातलं तरी हे चार दिवस निभतात. वाफवलेला लाल भोपळा कुस्करून एक-दोन चमचे घातला तर शी बांधायला मदत होते. मोठ्या आतड्याची तक्रार असेल, म्हणजे शेंबडी, थोडी थोडी, कुंथून होणारी शी असेल, तर डॉक्टर थोडं इसबगोल भिजवून द्यायला सांगतात, ते चांगलं लागू पडतं. पण चिकन-भात हे महिनोन्महिने चालवायचं जेवण नव्हे. त्यात कॅल्शियम नाही, इतरही बरंच काही नाही. वाढत्या पिलाची हाडं त्याने कमजोर होतात.

नेहमीच्या जेवणावर परत जाताना सात ते दहा दिवस घ्या. आधी तीन भाग हलकं, एक भाग नेहमीचं, मग निम्मं-निम्मं, मग उलट. कुत्र्याच्या आतड्यातले उपयोगी जीवाणू नव्या अन्नाला जुळवून घ्यायला एवढा वेळ मागतात. दर आठवड्याला पाकीट बदलणाऱ्या घरात त्यांना ही उसंत मिळतच नाही, आणि प्रत्येक नवं पाकीट वाईट ठरतं.

दुधाचं काय? आपल्याकडे कुत्रं म्हटलं की दूध-भाकरी. पण मोठ्या कुत्र्यांत दुधातली साखर पचवणारा घटक कमी झालेला असतो, आणि जखमी आतड्यात तर आणखी कमी. काहींना आयुष्यभर दूध चालतं, काहींना चमचाभरानेही जुलाब होतात. शंका असेल तर दूध पूर्ण थांबवून आठवडाभर शी बघा. कित्येक 'जंत' याच आठवड्यात नाहीसे होतात. भाकरी विष नाही, मऊ कुस्करलेली बऱ्याच कुत्र्यांना पचते. कडक भाकरीचे तुकडे मात्र बिघडलेल्या पोटाला नकोत, आणि शेंगा चटणी तर कधीच नको, कारण तिच्यात लसूण. कांद्याचा रस्सा, द्राक्षं, बेदाणे यांपासूनही दूर ठेवा. आपल्या जिल्ह्यात हंगामात घरोघरी द्राक्षांच्या पेट्या येतात, आणि द्राक्षाने कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते.

इतकं करूनही तीन आठवड्यांहून जास्त काळ पोट बिघडलेलंच असेल तर अन्नाची खरी परीक्षा घ्यायची. कुत्र्याने आधी न खाल्लेलं एकच प्रथिन आणि एकच पिष्ट, दोन-तीन आठवडे, बाकी काहीही नाही. कुत्र्यांना अन्नातून होणाऱ्या त्रासात गोमांस, दूध, चिकन आणि गहू ही नावं वर असतात. म्हणजे आपण पथ्याचं म्हणून देतो ते चिकनच दोषी असू शकतं. अशा वेळी मासा किंवा अंडं घेऊन बघतात. या दिवसांत शेजारच्या काकूंचं बिस्किट, आजोबांच्या ताटातला पोळीचा तुकडा, चवीच्या गोळ्या, सगळं बंद. घरातल्या प्रत्येकाला हे सांगावं लागतं, आणि खरी अडचण तिथेच असते. पण दीर्घकाळ पोट बिघडलेल्या कुत्र्यांतली बरीचशी नुसत्या जेवणाच्या बदलाने सुधारतात, औषध लागतच नाही. हे कष्ट वाया जात नाहीत.

दर जुलाबाला मेट्रोनिडाझोल देण्याची सवयही सोडली पाहिजे. साधे जुलाब बहुतेक वेळा अँटिबायोटिकशिवाय थांबतात, आणि हे औषध पोटातल्या चांगल्या जीवाणूंची घडी कित्येक आठवडे विस्कटून टाकतं.

काही कुत्री हावऱ्यासारखी खातात, ढीगभर, पिवळट, तेलकट शी करतात आणि तरी हाडं निघतात. विशेषतः जर्मन शेफर्ड असेल तर स्वादुपिंड पाचक रस कमी बनवत आहे का, हे रक्ततपासणीत कळतं आणि जेवणात त्या रसाची पावडर मिसळून असं कुत्रं उत्तम जगतं. कारवानी ही सडपातळ शिकारी कुत्री पाळणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना: त्या जातीच्या बरगड्या निरोगी असतानाही दिसतात. बरगड्या बघून घाबरू नका, दर महिन्याला वजन करून वहीत लिहा. उतरतंय का, ते बघा.

जेव्हा थांबायचं नाही

पिलाला उलट्या, रक्ताचे घाणेरड्या वासाचे जुलाब आणि सुस्ती एकत्र दिसली तर तो पार्व्हो हा विषाणूचा जीवघेणा आजार असू शकतो. लस पूर्ण झालेली नसेल तर तासही महत्त्वाचे. वरचा ओठ उचलून हिरडी बघा, बोटाने दाबून सोडा. दोन सेकंदांत गुलाबी रंग परत आला पाहिजे. हिरडी काळी असेल तर खालची पापणी ओढून आतला रंग बघा. पांढरा दिसला तर हुकवर्म असेल किंवा गोचिडांचा ताप असेल. आपल्याकडे गोचिडांचा तापही खूप, आणि तो जंताच्या गोळीने जात नाही. उन्हाळ्यात जुलाब झालेल्या कुत्र्याच्या अंगातलं पाणी फार लवकर संपतं. मानेवरची कातडी चिमटीत उचलून सोडल्यावर ती लगेच बसली नाही तर सलाईन लागणार. माणसांच्या जुलाब थांबवायच्या गोळ्या घरच्या घरी देऊ नका.

घरातली माणसं

गोल जंताची अंडी माणसाच्या, बहुधा लहान मुलाच्या पोटात गेली तर अळ्या यकृतात, फुप्फुसात, क्वचित डोळ्यात जातात. हुकवर्मच्या अळ्या अनवाणी पायात शिरून कातडीखाली लाल, नागमोडी, भयंकर खाजणारी रेघ उमटवतात. भारतात कुत्र्यांत आढळणारी हुकवर्मची एक जात माणसाच्या आतड्यातही वाढते. बांधकामाच्या वाळूच्या ढिगावर रात्री कुत्री बसतात आणि दिवसा पोरं खेळतात. तो ढीग ताडपत्रीने झाका, खेळून आल्यावर साबणाने हात धुवा, नखं कापा, मेथी-कोथिंबीर दोन-तीन पाण्यांतून काढा. शाळा-अंगणवाडीत जंतनाशक दिनाला मुलांना मिळणारी गोळी माणसांच्या जंतांसाठी असते. कुत्र्याच्या जंतांपासून त्या गोळीने राखण होते असं समजू नये.

कुत्र्याला बाहेर काढायची गरज नाही. त्याचा नीट उपचार करून, त्याची शी रोज उचलून धोका खूप कमी होतो. मात्र मूल एका डोळ्याने अंधुक दिसतं म्हणत असेल, पायावर अशी रेघ सरकत असेल, किंवा बरेच दिवस ताप-खोकला आणि पोटदुखी जात नसेल, तर डॉक्टरांना घरात कुत्रं आहे हे आपणहून सांगा. त्याला शेवटचं जंताचं औषध कधी दिलं होतं तेही सांगा, आणि शीच्या तपासणीचा रिपोर्ट असेल तर तो सोबत न्या.